अर्ध्यावर थांबलेला काटा

जुन्या गाड्यांच्या दलालाने मला फसवलं. माझ्या वायरमन मित्राने माझ्या बापाला फसवलं. लोक या दोन्ही गोष्टी एकात धरतात, म्हणून सुरुवातीलाच वेगळ्या करून ठेवतो. दलालाचा राग आता विझत आला आहे. तो दलालासारखा वागला आणि मी गिऱ्हाइकासारखा. दुसरी गोष्ट मात्र मिटलेली नाही. ती मिटवणं माझ्या हातात नाही, हे बाबांनीच ठरवून ठेवलं.

आम्ही मूळचे उरणच्या किनाऱ्यावरचे. बाबा तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. मी तांडेलाचा मुलगा असून मला बोट लागायची. दोनदा समुद्रावर गेलो, दोन्ही वेळा ओकून अर्धमेला परत आलो आणि तिसऱ्यांदा बाबांनीच नेलं नाही. मग बंदरावर मासळीच्या पाट्या उचलल्या, हातगाडीवर बर्फ ओढला, एक टेम्पो घेतला, पुढे चार झाले. पनवेलला खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलं. बर्फाच्या कारखानदारापासून फ्लॅटच्या बिल्डरपर्यंत कुणालाही मी पहिल्या शब्दाला हो म्हटलं नाही. आवाज चढवायला मला वेळ लागत नसे आणि त्याचा फायदाच होतो असं मला वाटायचं.

बाबांचं लघवीचं ऑपरेशन झालं त्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. दर अर्ध्या तासाला त्यांना उठावं लागे. एसटी नको, रेल्वे नको, लग्नाकार्यालाही नको. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून ते समोरच्या इमारतीचे पाइप बघायचे. विमानतळ येणार, विमानतळ येणार असं सगळं पनवेल बोलत होतं ते दिवस. मी एकदा म्हटलं, "बाबा, दोन वर्षांत इथूनच विमानं बघाल."

"विमानं बगून काय करू?" ते म्हणाले. "मना हर्णै बगाचाय. दाभोळ, जयगड, मालवन. सगली बंदरं मी पान्यातून बगली. एकदा मागच्या दारानं बगाची हायत."

मागचं दार म्हणजे जमीन. त्यांच्या लेखी घराचं पुढचं दार समुद्राकडे उघडत होतं. त्या एका वाक्यासाठी मी घरगाडी घ्यायची ठरवली.

घरगाडी हा आमचाच शब्द. शूटिंगच्या लोकांना आराम करायला वापरतात तशी ती मिनीबस होती. आत पलंग, बेसिन, छोटा संडास, एसी, आणि एसीसाठी मागे जनरेटर. कळंबोलीच्या बाजूला एका दलालाच्या आवारात ती उभी होती.

"साहेब, या बेडवर मोठमोठे आर्टिस्ट झोपलेत," दलाल म्हणाला.

"मग गादीचं वेगळं मोजावं लागेल का?"

तो हसला. मी गाडीभोवती फिरून एकेक दोष काढायला लागलो. टायर गोटा झालेत. पडद्यांना वास आहे. नळ गळतो. एसी म्हातारीसारखा कण्हतो. प्रत्येक दोषाला तो थोडा खाली येई आणि कपाळावर हात मारून घेई. शेवटी म्हणाला, "अजून खाली आलो तर बायको घरात घेणार नाही. एक करतो, टाकी नव्वद लिटरची आहे, फुल भरून देतो. बस?"

"भरून आणा, मग सही करतो."

तासाभराने त्याचा माणूस गाडी भरून घेऊन आला. किल्ली फिरवली तर काटा पार टोकाला. मी जिंकलो होतो. खांदा कॉलनीपर्यंत मी गाणं गुणगुणत आलो. मी टायर बघितले, पडदे हुंगले, नळ पिळला. टाकी बघितली नाही, कारण ती मला फुकट मिळाली होती.

इमारतीखाली गाडी लावली तर बाबा जिना उतरून आले, हातात वेताची काठी घेऊन. मला लगेच कळलं ते काय करणार.

बोटीवर डिझेलच्या टाकीला काटा नसतो. असला तरी खाऱ्या हवेत चार महिने टिकत नाही. तिथे काठी असते. नवी टाकी बसली की ती रिकामी करायची, मापाच्या डब्याने पाच पाच लिटर ओतायचं आणि दर डब्याला काठी बुडवून जिथवर ओली होते तिथे चाकूने खूण कापायची. खालून एका ठरावीक खुणेवर फुली मारायची. डिझेल फुलीपर्यंत उतरलं की मासळी कितीही लागत असो, बोट माघारी फिरवायची. ज्याने खुणा कापल्या त्याची ती काठी. बोट समुद्रात डिझेलवाचून अडली तर तांडेलाला कुणी बोल लावत नाही. ज्याची काठी त्याने सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि काय झालं ते सांगायचं. त्याला मारत नाहीत, त्याचा वाटा कापत नाहीत. त्याने फक्त सांगायचं. आणि तो सांगत नाही तोवर बोट पुन्हा किनारा सोडत नाही.

माझा मित्र या नियमातून गेला होता. तो आणि मी एका आळीतले. मला बोट लागायची, त्याला लागली नाही, म्हणून बाबांनी माझ्या जागी त्याला घेतलं. एका मोसमात त्याने काठी कापली आणि बोट खोल पाण्यात अडली. दुसऱ्यांच्या बोटीने ओढून आणली. किनाऱ्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "डब्याचं बूड चेपलेलं हाय ते मना दिसलं होतं. कंटाळा केला, तसाच मापला." बाबा म्हणाले, "बस, झालं," आणि त्याच दिवशी नवी काठी कापायला त्यालाच बसवलं. पुढे त्याने समुद्र सोडला, कंटेनरच्या ट्रेलरांची वायरिंग शिकला आणि जासईला टपरीएवढं गॅरेज टाकलं. माझ्या पहिल्या टेम्पोचे दिवे त्यानेच जोडले. मला तो चिडवायला शेट म्हणायचा, बाबांना कायम तांडेल.

तर बाबांनी झाकण उघडून काठी आत घातली. वीतभर गेली आणि अडली. भरायच्या नळीला वाक होता. त्यांनी फिरवून पाहिलं, जाईना. मग गाडीच्या खालच्या बाजूच्या रंगवलेल्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं. टाक्या त्या पत्र्याआड झाकलेल्या होत्या. दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा टकटक केलं.

"यात डिझेल हाय का पानी?"

"बाबा, ही बोट नाय. समोर काटा आहे ना."

"काटा कुनी कापला?"

"कारखान्यात बसवतात तो."

"म्हंजे उभा राहून सांगनारा कुनी नाय," असं म्हणून ते वर निघून गेले. मी हसलो. ते हसू मला पुढे फार दिवस पुरलं.

मार्चमध्ये निघालो. मी, बायको आणि बाबा. त्याआधी गाडी दोनचारदा इकडेतिकडे फिरवली होती, तरी पेणला काटा पाऊण दाखवत होता. माणगावला अर्ध्याच्या वर, महाडच्या पुढे अर्ध्याला टेकत आलेला. नव्वदातले अर्धेही संपले नाहीत या हिशेबाने मी खूश होतो. बाबा पलंगावर टेकून खिडकीतून बघत होते. एसी चालू होता. दर अर्ध्या तासाला उठून आत जाऊन येत होते, कुणाला गाडी थांबवायला सांगावं लागत नव्हतं. खेडला ते म्हणाले, "पैसे खरे झाले तुजे." आयुष्यात त्यांनी माझ्या खरेदीला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र.

दापोलीच्या अलीकडे एका चढावर गाडीने दोन झटके दिले आणि बंद पडली. काटा अर्ध्यावर.

दुपारचं ऊन. जनरेटर त्याच टाकीवर चालायचा, त्यामुळे एसी गेला. पाण्याचा पंपही गेला. तासाभराने मोटरसायकलवरून एक मेकॅनिक आला. त्याने इंजिनाकडे येणारी नळी सोडली, हाताने पंप मारला, नळीच्या तोंडाशी बोट धरून बसला.

"साहेब, डिझेल नाही."

"काटा दिसत नाही का तुला?" मी ओरडलो.

"काटा दिसतो," तो शांतपणे म्हणाला. "डिझेल दिसत नाही."

तो डिझेल आणायला गेला. गाडीच्या आत भट्टी झाली होती म्हणून बाबांना बाहेर झाडाखाली बसवलं. तिथे त्यांना लागली. सत्तरी ओलांडलेला तांडेल माझ्या खांद्याला धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून, आणि होईना. परत बसवलं, परत उठवलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." डिझेल आलं, नळीतली हवा काढली, गाडी चालू झाली, तेव्हा बाबांचं अंग तापलं होतं आणि पोट फुगलं होतं. हर्णै तीसेक किलोमीटरवर होतं. मी गाडी मागे वळवली आणि खेडच्या दवाखान्यात नेली. वळताना ते म्हणाले, "वास येतोय बंदराचा." मला काही येत नव्हता.

आठवड्याने घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभराने प्रवास करायला हरकत नाही. बाबा म्हणाले, "काटा नीट कर, मग पावसाच्या आत जाऊ." म्हणजे मला दोन महिने होते.

साहजिकच मी जासईला गेलो. मित्र ट्रेलरच्या खालून बाहेर आला, घरगाडी पाहिली आणि क्षणभर हात पुसायचं विसरला. ते मी तेव्हा पाहिलं, समजलो नाही.

"शेट, ही कवा घेतलीस?"

"दोन महिने झाले. अर्ध्याच्या खाली येतच नाही काटा. बाबांना घेऊन रस्त्यात अडकलो."

"तांडेल होते गाडीत?"

"त्यांच्यासाठीच घेतलीय."

तो गाडीखाली शिरला. मागच्या चाकाजवळच्या जोडातून एक वायर काढली आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. वायर सुटी असताना काटा एका टोकाला गेला. ती बॉडीला टेकवली तर पार दुसऱ्या टोकाला गेला. मी म्हटलं, "चालतो की!" तो म्हणाला, "चालतो, पन अडकतो मधेच. मीटर बदलू." बदलला. नंतर एका परक्या माणसाकडून मला कळलं की या चाचणीचा अर्थ सरळ असतो. काटा दोन्ही टोकांना जात असेल तर मीटर शाबूत, वायर शाबूत, दोष टाकीत. हे त्याला माझ्याहून शंभरपट ठाऊक होतं. निघताना त्याने एक सल्लाही दिला. "पंपावर टाकी फुल करत जाऊ नको. जुनी टाकी हाय, दाब नाय सोसत. ठरावीक रकमेचं टाकत जा." टेम्पोत मी तसंच टाकतो, म्हणून मला तो सल्ला शहाणपणाचा वाटला. टाकी फुल केली असती तर पंपाच्या आकड्यानेच मला सगळं सांगितलं असतं.

पंधरा दिवसांत काटा पुन्हा अर्ध्यावर. परत जासई. या वेळी बाबा बरोबर होते. त्याने अर्थिंगची वायर घासून बसवली, मीटरकडे येणारं व्होल्टेज तपासलं, मान हलवली. बाबा पलंगावर बसून होते. त्यांनी बरोबर आलेल्या माझ्या बायकोकरवी त्याला चहा दिला, मिशीत हसत म्हणाले, "काय रे, काठी कापली असतीस तर या फजितीत पडलो नसतो."

त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता. "व्हय, तांडेल," म्हणाला. एवढंच.

बाबांनी विचारलं, "टाकीचं तोंड वरून नाय का उघडत?"

"वेल्डिंग केलेलं हाय, तांडेल. टाकी खाली उतरवावी लागेल. मोठं काम हाय."

तिसऱ्या वेळी त्याने जोड बदलले आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, "काम झालं नाही म्हणून घेत नाहीस ना?" तो म्हणाला, "तसं समज." मीही तेच समजलो.

मे उजाडला. काटा अर्ध्यावर. मी गाडीच्या दारात उभा राहून त्या दलालाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि बाबा आत पलंगावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "आतला तो तरंगता हात कुटून बसवला?"

"कुठला हात?"

"काट्याला सांगनारा. टाकीत तरंगतो ना काय तरी? तो नलीतून तर जानार नाय. वरून तोंड असलंच पाह्यजे." आणि त्यांनी पलंगावर हात थोपटला. "डिझेल भरताना आवाज गादीखालून येतो. टाकी माज्या खाली हाय. ऊठवतोस का मना?"

गादी काढली, फळ्या काढल्या, खालचं प्लास्टिकचं अंथरूण सोडवलं. चौकोनी झाकण होतं. वेल्डिंग नव्हतं, चार स्क्रू होते. बाबा वाकून म्हणाले, "इस्क्रू नवे हायत." पाच मिनिटांत झाकण निघालं.

खाली टाकी होती. नव्वद लिटरची नव्हतीच, तिच्या निम्म्याने उथळ होती. बाहेर पत्र्यामागे, जिथे मूळची डिझेलची टाकी असायला हवी होती, तिथे संडासाची टाकी बसवली होती, आणि डिझेलला ही दुसरी, छोटी, उरलेल्या जागेत कोंबली होती. पण तरंगता हात जुन्या खोल टाकीचाच ठेवलेला. मी तो बाहेर काढला. लांबलचक दांडी आणि टोकाला फुगा. फुगा टाकीच्या बुडाला टेकला तरी दांडी अर्ध्यातच राही. म्हणजे टाकी कोरडी झाली तरी काटा अर्ध्यावर थांबणार, खाली येणारच नाही. मीटर कितीही बदला.

"दलालाला मी आज..." असं मी सुरू केलं. बाबांनी हात वर केला. ते माझ्याकडे बघत नव्हते. टाकी आणि गाडीच्या लोखंडी पट्टीमध्ये काहीतरी हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधून ठेवलं होतं. त्यांनी ते सोडवलं.

वेताची काठी. तिच्यावर आठ खुणा, एकसारख्या, स्वच्छ. खालून दुसऱ्या खुणेवर फुली.

आठ पाचे चाळीस. मी मनात गुणाकार करून मोकळा झालो तरी बाबा काठी फिरवून फिरवून बघत होते. फुलीची एक रेघ लांब होती आणि एक आखूड. ती तशी मारायला त्यांनी शिकवली होती, म्हणजे अंधारात नखाने चाचपून कळते. ती त्यांनी एकालाच शिकवली होती.

"त्यानंच बसवली टाकी," बाबा म्हणाले. मग खुणांवरून अंगठा फिरवत, "मापली पन नीट."

मी काठी हिसकावली आणि तसाच जासईला गेलो. वाटेत मला दलालाचा विचारही आला नाही. गॅरेजवर चार ट्रेलरवाले बसले होते. मी काठी त्याच्या टेबलावर आपटली.

"ही कुणाची?"

त्याने काठी पाहिली. "शेट, बस जरा..."

"बसायला नाय आलो! तीनदा आलो तुझ्याकडे! तीनदा! वेल्डिंग आहे म्हणालास! माझा बाप त्या झाकणावर बसून तुला चहा देत होता!"

"दलालाचं सगळं काम माझ्याकडं असतं..." तो म्हणाला. "गाडी तू घेशील हे मना..."

"पण मी आणल्यावर? आणल्यावर का नाही सांगितलंस?"

त्याने तोंड उघडलं. तो काहीतरी बोलणार होता, हे मी शपथेवर सांगतो. पण मी थांबलो नाही. मी त्याच्या बापापासून त्याच्या मुलांपर्यंत गेलो. बॅटऱ्यांची फळी लाथाडली. एक ट्रेलरवाला मध्ये पडला, दुसरा हसला, रस्त्यावरचे लोक जमले. तेव्हा त्याने बोलायचं ते गिळलं आणि म्हणाला, "सांगितलं असतं तर असंच केलं असतंस ना तू." मी काठी उचलून परत आलो.

बाबा जागेवरच बसले होते. "विचारलंस का भांडलास?"

"दोन्ही."

"दोनी एकदम होत नाय," ते म्हणाले.

दलालाकडे दुसऱ्या दिवशी गेलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही टायर बघितले, पडदे बघितले, टाकीचं विचारलं का?" मी म्हटलं, "नव्वद म्हणालास." तो म्हणाला, "ते ओरिजिनल मॉडेलचं सांगितलं." त्याच्याशी भांडून माझं रक्त तापलं आणि निवलं. त्याच्याकडून मला एवढीच अपेक्षा होती, हे मला तिथे उभं असतानाच कळलं.

पनवेलच्या एका दुसऱ्या वायरमनने अर्ध्या तासात दांडी कापून छोट्या टाकीला बसेल अशी केली. मी टाकी रिकामी करून स्वतः डब्याने भरली. काटा खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत लिटर लिटर बरोबर चढला. मे अजून दहा दिवस बाकी होता. मी धावत वर गेलो.

"बाबा, झालं. उद्या निघू."

"तो आला का?"

"कोण?"

"काठीवाला."

मी समजावलं. म्हटलं, काटा आता बरोबर आहे, काठी हातात आहे, तीही बरोबर आहे, त्याची गरज काय? ओरडलोसुद्धा. बाबा म्हणाले, "काठी बरोबर हाय, ते मना कलतंय. पन बोट मधेच अडली, आन् ज्यानं खुना कापल्या तो उभा राहून बोलला नाय. तवर मी नाय निघत."

"मी त्याला बोलावतो."

"बोलवून नाय. त्यानं यावं लागतं."

"बाबा, ही बोट नाय!"

"मना दुसरं काय येत नाय," ते म्हणाले.

मी लपून त्याला फोन केले. उचलले नाहीत. बायकोकरवी त्याच्या बायकोला निरोप पाठवला. ती म्हणाली, जेवत नाहीत नीट, पण यायचं नाव काढलं की उठून जातात. पावसाळा लागला. बाबा रोज संध्याकाळी खाली उतरून घरगाडीच्या पायरीवर बसायचे, कॉलनीच्या फाटकाकडे तोंड करून. लोकांना वाटायचं हवा खातात. श्रावणानंतर जिना उतरवेना. दिवाळीत पुन्हा दवाखाना झाला. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला एकच विचारलं, दोनदा. "त्यानं का सांगितलं नाय रे? सांगितलं की संपतं, हे त्याला ठावूक होतं ना?" माझ्याकडे नुसता राग होता, आणि तो त्यांना नको होता.

ते गेले तेव्हा तो आला होता. स्मशानात मागे उभा होता, कुणाशी बोलला नाही, मीही त्याच्याकडे गेलो नाही. त्याआधी वाटेत त्याने खांदा द्यायला हात पुढे केला होता आणि मी जागा दिली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं बायको म्हणते.

घरगाडी मी विकली. विकताना घेणाऱ्याला झाकण उघडून टाकी दाखवली आणि चाळीस लिटर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही पहिलेच असे भेटलात. काठी दिली नाही. ती माझ्या बर्फाच्या ऑफिसात खिळ्याला आहे.

जासईवरून माझे टेम्पो रोज जातात. तुझं गॅरेज आता मोठं झालंय, बोर्ड लागलाय, मी बघतो. माझ्या ओरडण्यामुळे तू त्या दिवशी बोलू शकला नाहीस, हे मी मान्य केलं आहे, आणि इथे लिहूनही दिलं. त्या दिवसाचं माझ्यावर घे. पण त्याआधी तीनदा मी ओरडलो नव्हतो. तुझ्या हातात माझ्या बापाचा चहा होता आणि समोर तो बसलेला होता, ज्याने एकदा तुझी चूक ऐकून "बस, झालं" म्हटलं होतं. तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं? आणि दलालाच्या गाडीत, जिथे काठी कुणी मागितली नव्हती, तिथे ती कापून, फुली मारून, बांधून का ठेवलीस? हाताची सवय म्हणून? की कधीतरी कुणाला सापडावी म्हणून? सापडावी असं वाटत होतं तर झाकणाला वेल्डिंग आहे असं का सांगितलंस?

मला पैसे नकोत, माफी नको. मी आवाज चढवणार नाही, मध्ये बोलणारही नाही. काठी तुझी आहे. ये, उभा राहा आणि सांग.